अर्थिंग

खडकीच्या मैदानावर तीन रात्रींची सभा असायची.
भोंगे माझे, वायरी माझ्या,
डिसेंबरची थंडी सगळ्यांची.

येणारा प्रत्येक उपदेशक आधी मला गाठायचा:
"इको जरा जास्त ठेव, भाऊ,
शब्द आभाळातून उतरल्यासारखा वाटला पाहिजे."
मी ठेवायचो. बटणच ते.
एक हालेलुया तीनदा घुमायचा,
मुळा ओलांडून दापोडीत जायचा.

बन्यामिन ओहोळ सायकलवरून आले,
पँटच्या पायाला क्लिप तशीच.
म्हणाले, "इको काढून टाका.
आणि आवाज त्या शेवटच्या खुर्चीपर्यंत पुरे.
पलीकडे क्वार्टरमधली पोरं बारावीला बसलीत,
आणि देवालाही कमी ऐकू येत नाही."

आडनाव ओहोळ, बोलणंही तसंच.
मधेच वाळूत गडप व्हायचं,
पुढे कुठेतरी पुन्हा दिसायचं.
शास्त्र उघडायचे ते शिवणाचा डबा उघडावा तसं,
नेमकी सुई शोधत,
बाकीचं काही सांडू न देता.

माझं काम काट्यावर नजर ठेवायचं.
काटा लाल पट्ट्यात गेला की हात पुढे.
दुसऱ्या रात्री, प्रश्नांच्या वेळी,
अम्युनिशन फॅक्टरीतल्या रत्नमाला शिरसाट उठल्या.
माइक हातात ठरेना.
"पाळकसाहेब, माझा सुदेश ससूनला आहे.
बरा होईल ना?"

दीड हजार माणसं.
मी बटणावर बोट ठेवलं. आता आवाज चढणार,
अशा वेळी सगळ्यांचाच चढतो.

काटा शून्यावर.
भोंग्यांतून नुसती गुणगुण, माझ्याच वायरींची.
कुणीतरी खोकलं.
मग: "बाई, मला माहीत नाही."
काटा जेमतेम हलला.
"सकाळी सातला मी तिथं असेन,
एवढं माहीत आहे."

मंडळीतल्या जुन्या माणसांना हे रुचलं नाही.
तिसऱ्या रात्री निम्म्या खुर्च्या रिकाम्या.
मी मोजल्या, भाड्याच्या होत्या.

सातला ते होते.
हे मला बाईंनीच सांगितलं, फार नंतर.
सव्वीस दिवस.
सत्ताविसाव्या दिवशी पलंगावरची चादर बदललेली होती,
तरी आले. डबा घेऊन.
"त्या दिवशी शास्त्र उघडलं नाही त्यांनी," बाई म्हणाल्या,
"भात कालवून दिला."

एकदा वायरी गुंडाळताना मला विचारलं,
"भानुदास, तुमचा विश्वास कशावर?"
मी शनिवारी मारुतीला तेल घालणारा माणूस.
म्हटलं, "अर्थिंगवर.
दिसत नाही, जमिनीत असतं.
नसलं तरी बल्ब लागतो, भोंगा वाजतो,
फक्त ज्याचा हात लागेल त्याला झटका बसतो."
हसले नाहीत.
डायरी काढून लिहून घेतलं.
रविवारी पुलपिटावरून तेच सांगितलं,
आणि वर म्हणाले, "हे माझं नव्हे.
हे भानुदास खैऱ्यांचं."
माझं नाव, देवळात, माझ्याच भोंग्यातून!
त्या दिवशी आवाज मी किंचित वाढवला,
कबूल करतो.

आता त्यांनाच कमी ऐकू येतं.
भेटायला गेलो की मी ओरडतो,
ते हलकेच उत्तर देतात.

येरवड्यात, विश्रांतवाडीत
त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं उभी राहतात.
निळे दिवे, पडदा, धुराचं मशीन.
इको हवाच असतो त्यांना, मी देतो.
पण एखादी बाई उठून काही विचारते
आणि त्यातला एखादा
थांबतो.
काटा शून्यावर येतो.

बोर्डावर आता माझा मुलगा बसतो.
"बाबा, माइक गेला काय?"
त्याचा हात बटणाकडे निघतो.
मी मनगट धरतो त्याचं.
राहू दे, म्हणतो. चालू आहे.